उचल, एफी

एफी लम्स्डेनला बॅगेशिवाय पाहायचं असेल तर पिटकार्डीत एकच जागा आहे, रविवारचं चर्च. तिथेही ती डावा खांदा खाली सोडून बसते. चाळीसएक वर्षं दुसऱ्यांच्या गोल्फच्या काठ्या वाहिल्यावर खांद्याला सरळ राहायची सवय उरत नाही. मी तिच्या मागच्या बाकावर बसतो, त्यामुळे तिच्या चेहऱ्यापेक्षा तिचा खांदाच मला जास्त ओळखीचा आहे.

मी वॉटी गेडीस. हाय स्ट्रीटवरची बेकरी माझी. गावात कोण कुणाशी बोलत नाही ते माझ्या दुकानात सकाळी उघडल्या उघडल्या कळतं, पाद्रीसाहेबांना ते रविवारपर्यंत कळत नाही. एफी रोज कामावर जाताना एक ब्रायडी, म्हणजे खिमा भरून भाजलेली आमच्याकडची करंजी, घेते, कागदात गुंडाळून खिशात टाकते आणि दहाव्या होलपाशी खाते. गरम असताना का खात नाहीस, असं मी तिला एकदा विचारलं होतं.

‘‘गरम असते तोवर ती हातमोजा असते, वॉटी,’’ ती म्हणाली. ‘‘थंड झाली की जेवण.’’

आमच्या समुद्रावरचा वारा ज्यानं अंगावर घेतलाय त्याला हे लगेच पटेल.

तिचा बाप कॅडी होता, म्हणजे खेळणाऱ्यांच्या काठ्यांची बॅग वाहणारा. त्याचे गुडघे गेले तेव्हा एक दिवस त्याच्या जागी पोरगी जाऊन उभी राहिली. बाईनं बॅग उचलू नये असा नियम क्लबात नव्हता, कारण असा नियम करायची पाळी येईल हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तो नियम करायचा की नाही यावर समितीचा खल चालला होता, तोवर एफी चार मोसम काम करून मोकळी झाली. मग समितीनंही नाद सोडला.

बापानं तिला शिकवलेलं थोडकंच. बॅग वाजू द्यायची नाही. खेळणाऱ्याच्या वाटेत आपली सावली पडू द्यायची नाही. विचारल्याशिवाय बोलायचं नाही आणि विचारलं तर खोटं बोलायचं नाही. या सगळ्याच्या वर एक गोष्ट होती. ज्याची बॅग खांद्यावर, त्याचे आपण, शेवटचा बॉल पडेपर्यंत. क्लबच्या एका अंतिम सामन्यात तिनं आपल्या सख्ख्या दिराविरुद्ध बॅग घेतली आणि त्याला हरवून घरी आली. दीर वर्षभर तिच्याकडे जेवायला फिरकला नाही. ‘‘बरंच झालं, डॉडच्या लीक उरल्या,’’ एवढंच ती म्हणाली. डॉड तिचा नवरा. बस चालवतो, मागच्या अंगणात लीकची भाजी लावतो आणि एवढं चांगलं गवत गोल्फवर वाया जातं याचं त्याला मनापासून दुःख आहे.

आता तिची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्या खोडीचं आहे.

समोरासमोरच्या सामन्यात ज्याचे फटके कमी त्याचा होल आणि ज्याचे होल जास्त त्याचा सामना. दोघं असे एकमेकांविरुद्ध खेळत असले आणि एकाचा बॉल होलच्या अगदी जवळ येऊन थांबला, की समोरचा म्हणतो, ‘‘माफ.’’ म्हणजे तो शेवटचा फटका मारायची गरज नाही, तो पडलाच असं धरलं. माफ करायचा हक्क फक्त समोरच्याचा. हे झालं खऱ्या सामन्यात. पण उन्हाळ्यात आमच्याकडे जगभरातले हौशी पाहुणे येतात आणि त्यांच्यातला प्रत्येक जण वीतभर अंतरावरून तीन-तीनदा चुकायला लागला तर शेवटची टोळी अंधारात चाचपडत घरी येईल. म्हणून एफी काय करते, बॉल जवळ थांबला की ‘‘माफ!’’ असं स्वतःच म्हणते, वाकते, बॉल उचलते, बाहीला पुसते आणि मागं न बघता मालकाच्या दिशेनं उडवते. मालक झेलतो, खूष होतो. हे तिनं इतक्या वर्षांत इतक्यांदा केलंय की त्यात डोकं भागच घेत नाही. हात आपोआप खाली जातो.

तर तो कप यंदा आमच्या गावी आला. बायकांचा, युरोपच्या बारा जणी विरुद्ध अमेरिकेच्या बारा जणी. शुक्रवार-शनिवार जोड्यांचे सामने, रविवारी एकास एक. जिंकलेल्या प्रत्येक सामन्याचा एक गुण. एरवी आमचं खाडीपलीकडच्या गावाशीसुद्धा पटत नाही, पण त्या आठवड्यात स्वीडन आमचं, स्पेन आमचं, डेन्मार्क तर सख्ख्या मावशीचं. इंग्लंडशी आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर, तरी त्यांच्या पोरींनासुद्धा आम्ही टाळ्या वाजवल्या, यावरून काय ते समजा. मी निळ्या-पिवळ्या साखरेचे बन केले. त्यातला निळा रंग गिऱ्हाइकांच्या जिभांवर नंतर कितीतरी दिवस होता.

एफीला दोरीपाशी उभं राहून गर्दी आवरायचं काम दिलं होतं. पण बुधवारी अमेरिकेच्या एका खेळाडूचा कॅडी, म्हणजे त्या खेळाडूचा भाऊच, सीलचे फोटो काढायला खडकांवर गेला, शेवाळावरून घसरला आणि घोटा मोडून बसला. अमेरिकेच्या कर्णधारीणबाई आमच्या कॅडींचा मुकादम रॅब पेट्री याच्याकडे आल्या. ‘‘तुमच्याकडचा सगळ्यात चांगला कॅडी कोण?’’ असं त्यांनी विचारलं. रॅब इतर सगळ्या बाबतींत थापा मारतो, पण या एका बाबतीत त्याला मारता येत नाही. ‘‘एफी,’’ तो म्हणाला आणि नंतर दिवसभर स्वतःची जीभ चावत फिरला.

गुरुवारी सकाळी एफी माझ्या दुकानात आली ती पाठीवर अमेरिकेचं नाव असलेलं जाकीट घालून. दुकान भरलेलं होतं.

‘‘वॉटी, हिला ब्रायडी देऊ नकोस,’’ रॅब रांगेतून ओरडला. ‘‘ती आता बर्गर खाते.’’

‘‘रॅब, तूच मला तिकडे पाठवलंस ना रे?’’

‘‘मी नाव सांगितलं. हो म्हणायला तुला कुणी सांगितलं होतं?’’

‘‘बॅग आली की मी हो म्हणते. तुझ्या लग्नात तुझी बायको म्हणाली तसं. तिनं तरी कुठं बघून घेतलं होतं?’’

दुकान हसलं. रॅबही हसला. मी तिला ब्रायडी दिली आणि वर एक निळा बनही ठेवला. तिनं बन तेवढा परत सरकवला. ‘‘रविवारी संध्याकाळी खाईन. तोवर मी तुमची नाही,’’ ती म्हणाली.

दुपारी दुकान बंद करून मी सराव बघायला गेलो. तिच्या वाट्याला आलेली पोरगी डार्सी क्विनलन, नेब्रास्काची, जेमतेम बावीसची, संघात पहिल्यांदाच आलेली. सारखी ‘मॅम, मॅम’ करत होती.

‘‘मला मॅम म्हणू नकोस पोरी, मी काही राणी नाही. एफी म्हण.’’

‘‘येस मॅम,’’ डार्सी म्हणाली आणि मग दोघीही हसल्या.

सरावात घाई असते, कुणी जवळचे फटके मारत बसत नाही. एफीचा हात सुटला होता. बॉल जवळ आला की ‘‘माफ!’’, वाकणं, पुसणं, उडवणं. डार्सी तो झेलायची, कधी उजव्या हातानं, कधी डाव्या, एकदा तर पाठीमागे हात नेऊन. दोरीपाशी उभे असलेलेही टाळ्या वाजवायला लागले. जत्रेतला खेळ पाहिल्यासारखी मजा येत होती. मला तर वाटलं, या दोघी जन्मभर एकत्र खेळत आल्यात.

शुक्रवारी डार्सीला बसवून ठेवलं. शनिवारी सकाळी तिला एका जुन्या खेळाडूबरोबर जोडीला घातलं. दोघींचा मिळून एकच बॉल, आळीपाळीनं मारायचा. समोर आमची डेन्मार्कची सिग्ने आणि तिची जोडीदारीण. सामना असा अटीतटीचा की सोळाव्या होलपर्यंत दोन्ही बाजू बरोबरीत. मी सोळाव्याच्या दोरीलाच चिकटून होतो, म्हणून हे मी ऐकीव सांगत नाही.

आमच्या पोरींनी चार फटक्यांत होल संपवला. अमेरिकेचे तीन झाले होते आणि त्यांचा बॉल होलपासून वीतभर अंतरावर थांबला. तो टाकला की होल बरोबरीत. सिग्ने आपला बॉल उचलायला वाकली होती, एफीकडे तिची पाठ होती. कुणी काहीच बोललं नव्हतं. आणि एफी पुढं झाली, वाकली, बॉल उचलला, बाहीला पुसला आणि मागं न बघता उडवला.

डार्सीनं झेलला.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग पंच पुढं आले. समोरच्यानं माफ केलेलं नाही, बॉलच्या जागी खूण ठेवलेली नाही. एका फटक्याचा दंड. चाराचे पाच झाले, होल गेला. पुढचे दोन्ही होल बरोबरीत सुटले आणि सामना अमेरिकेनं त्या एका होलनं घालवला. सिग्ने पंचांना सांगत होती की मी आता माफ म्हणणारच होते. पण म्हणणारच होते याला नियमात काही किंमत नाही. एफीचा चेहरा मी पाहिला. माझी भट्टी विझल्यावर राख असते त्या रंगाचा झाला होता.

पिटकार्डीनं मात्र त्या दिवशी डोक्यावर घेतलं तिला. संध्याकाळी ती क्रील पबमध्ये डॉडला शोधायला आली, तर सगळा पब उठून उभा राहिला. कुणी टेबलं बडवली, कुणी गाणं सुरू केलं. तिच्यासमोर ग्लासांची रांग लागली.

‘‘आमच्या बारा जणी नव्हत्याच!’’ रॅबनं ग्लास उंचावला. ‘‘तेरा होत्या! तेरावी त्यांच्या जाकिटात होती!’’

‘‘रॅब, तोंड आवर,’’ एफी म्हणाली. ‘‘हात गेला माझा. सवयीनं गेला. चूक झाली.’’

‘‘झाली ना, झाली ना,’’ रॅब म्हणाला आणि त्यानं डोळा मारला. ‘‘आम्ही कुठं काय म्हणतोय?’’

‘‘मी मुद्दाम केलं असं वाटतंय तुम्हाला?’’

‘‘छे! कोण म्हणतं?’’ आणि सगळ्या पबनं डोळा मारला. बारमागच्या आजीबाईंनीसुद्धा.

मला रॅबचा राग आला, अजून आहे. शिव्या दिल्या असत्या तर तिला चाललं असतं. हे लोक कौतुक करत होते आणि त्या कौतुकाचा अर्थ एवढाच होता की एफी लम्स्डेननं खांद्यावर असलेली बॅग विकली. तिनं एकाही ग्लासाला हात लावला नाही. डॉडचा दंड धरून ती बाहेर पडली आणि नवऱ्याला बसथांब्यावर सोडून माझ्या बेकरीच्या मागच्या दाराशी आली. मी पिठाच्या पोत्यावर जागा करून दिली.

‘‘वॉटी, तुला काय वाटतं?’’

‘‘मला वाटतं तू मूर्खपणा केलास. लबाडी नाही.’’

‘‘मग तू एकटाच आहेस.’’ ती हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत होती. ‘‘मी गेल्यावर गावात माझं काय राहील सांगू? हेच. चांगली होती, आपल्यासाठी त्या पोरीला बुडवलं तिनं. माझ्या बापाचं नाव घेऊन सांगतील रे! आणि हसून सांगतील, त्यामुळे मला भांडतासुद्धा येणार नाही.’’

‘‘उद्या परत बॅग घे आणि जिंकून दाखव.’’

‘‘उद्या बॅग कोण देतंय मला? त्या बाईंनी दुसरा कॅडी बघून ठेवलाय. त्यांचं तरी काय चुकलं? आणि उद्या मला काढलं की झालंच, सगळ्या जगाला खात्री पटली.’’ मग ती रडली. चाळीस वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मी तिला कालची एक ब्रायडी दिली आणि तिनं ती रडत रडत खाल्लीसुद्धा.

रविवारी सकाळी क्लबहाउसवर पाव पोचवायचे होते. एफी माझ्या गाडीत पुढं बसली, मांडीवर ते जाकीट, धुऊन इस्त्री केलेलं. परत द्यायला निघाली होती. आम्ही मागच्या दारानं आत गेलो. अमेरिकेच्या कर्णधारीणबाई तिथेच कॉफी घेत उभ्या होत्या आणि पलीकडे डार्सी बुटांच्या नाड्या बांधत होती.

‘‘तुम्ही आलात ते बरं झालं,’’ बाई एफीला म्हणाल्या. वाईट नव्हत्या बोलायला. ‘‘तुमच्यावर आरोप नाही. पण आज आम्ही दुसरी व्यवस्था केली आहे.’’

‘‘मला काही विचारायचं आहे,’’ डार्सी मध्येच म्हणाली. एकाच बुटाची नाडी बांधून झाली होती, ती तशीच उठून लंगडत आली. ‘‘एफी, काल मुद्दाम केलंत?’’

‘‘नाही.’’

‘‘बरं.’’ ती कर्णधारीणबाईंकडे वळली. ‘‘गुरुवारी अख्खा दिवस यांनी माझा बॉल उचलला, मॅम, आणि मी झेलला. पाठीमागे हात नेऊनसुद्धा झेलला. एकदाही म्हटलं नाही की नका करू. काल तो बॉल हवेत आला तेव्हा मी काय केलं? झेललाच ना? काही चुकतंय असं वाटलं असतं तर मी ओरडले असते, हात मागं घेतला असता. मलासुद्धा वाटलं सगळं ठीक आहे. त्यांनी मला बुडवलं म्हणत असाल तर मी त्यांच्याबरोबर उडी मारलीय.’’

‘‘डार्सी, आज तुझ्या सामन्यावर कप ठरू शकतो. बाहेर त्यांचं गाव आहे.’’

‘‘म्हणून तर यांच्याशिवाय मला कोण वाट दाखवणार?’’

बाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला आणि बराच वेळ एफीकडे पाहिलं. एफीनं नजर खाली घेतली नाही. मग बाईंनी इस्त्री केलेलं जाकीट तिच्या हातातून घेतलं, उलगडलं आणि तिच्या पुढं धरलं, कोट घालायला मदत करतात तसं. मी पावाचे ट्रे घेऊन मध्येच उभा होतो, कुणी मला हलायलाही सांगितलं नाही.

आणि पुढं बाई म्हणाल्या तसंच झालं. दुपारपर्यंत हिशेब असा आला की मैदानात फक्त डार्सी आणि सिग्नेचा सामना उरला. डार्सी जिंकली तर कप अमेरिकेचा. बरोबरी झाली तरी आमचा, कारण मागच्या वेळी तो आम्हीच जिंकला होता. सगळं गाव, सगळं युरोप त्या दोघींच्या मागं धावत होतं.

आणि प्रत्येक ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, एकच ओरड. बॉल होलच्या आसपास आला रे आला की हजारो माणसं तालात गायची, ‘‘उचल, एफी, उचल!’’ लहान पोरं गायची, डेन्मार्कहून आलेले शिंगांच्या टोप्यावाले गायचे. रॅब तर हातवारे करून म्हणवून घेत होता. थट्टाच होती, पण तिच्या जागी मी असतो तर बॅग समुद्रात फेकली असती. एफीनं काय केलं, ग्रीनवर पाय टाकला की दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घातले आणि डार्सीनं काठी मागेपर्यंत बाहेर काढले नाहीत. तोंडावर सुरकुतीसुद्धा हलली नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी शेजारच्या डॅनिश माणसाला कोपर मारून सांगितलं, ही माझी गिऱ्हाईक आहे.

सतराव्यावर दोघी बरोबरीत आल्या. हे ग्रीन चर्चच्या खाली आहे आणि ते माणसाला फसवतं. त्याच्या मागच्या कोपऱ्यात उभं राहिलं की सगळी जमीन समुद्राकडे उतरते असं डोळे शपथेवर सांगतात. बॉल मात्र चर्चकडे वळतो. का, ते कुणाला माहीत नाही. पाद्रीसाहेबांचं म्हणणं तुम्ही ओळखलंच असेल. सरावात झेंडा पुढं होता, त्या दिवशी तो नेमका त्या मागच्या कोपऱ्यात लावला होता. सिग्ने दुसऱ्या बाजूनं आली आणि चार फटक्यांत संपवून बाजूला झाली. डार्सीला तीनात संपवायचं होतं आणि बॉल होता बरोबर त्या फसव्या जागी.

डार्सी खाली बसली, उठली, पलीकडे जाऊन आली. मग एफीला म्हणाली, ‘‘मला समुद्र दिसतोय. तुम्हाला?’’

दोरीला लागून आम्ही सगळे पिटकार्डीचेच होतो. त्या कोपऱ्याचं गुपित आम्हाला पाळण्यापासून माहीत. गाणं एकदम थांबलं. एफीनं नुसतं ‘‘हो, समुद्र’’ म्हटलं असतं तर कप आमचा होता आणि खोटं होतं हे आमच्याशिवाय कुणाला कळलं नसतं. आम्ही तर ते पोटात ठेवून थडग्यात नेलं असतं. रॅब माझ्या पुढं उभा होता. त्याची मान एफीच्या दिशेनं ताणली गेली होती.

एफी एरवी मालकाच्या कानात बोलते. तेव्हा ती सगळ्या दोरीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

‘‘समुद्र विसर, पोरी. चर्च. होलच्या उजवीकडे दोन हात मार, तो आपोआप चर्चकडे येईल.’’

‘‘दोन हात?’’

‘‘दोन.’’

गर्दीतून कुणीतरी बाहेरगावचा हसला, ही परत बुडवते म्हणून. आमच्यातलं कुणी हसलं नाही. डार्सीनं एकदाही परत जमिनीकडे पाहिलं नाही. तिनं होल सोडून भलतीकडेच मारला, बॉल वेड्यासारखा निघाला, मग हळूच वळला, वळत राहिला आणि आत पडला. डार्सी एका होलनं पुढं गेली. अमेरिकेचे मूठभर लोक ओरडले. रॅबनं टोपी काढून परत घातली आणि मागं वळून माझ्याकडे पाहिलं. डोळा मारायला त्याचा डोळा उरला नव्हता.

अठराव्यावर सिग्ने जिद्दीनं खेळली आणि चारात संपवून उभी राहिली. डार्सीनं लांबून तिसरा फटका मारला, बॉल आला आणि होलपासून वीतभर अंतरावर थांबला. परत तेच, वीतभर. तो टाकला की होल बरोबरीत, सामना डार्सीचा आणि कप गेला.

आता कुणी गात नव्हतं. एफी बॅगेजवळ उभी, हात खिशात. डार्सीही जागची हलली नाही. दोघी सिग्नेकडे बघत होत्या. सिग्नेचे डोळे भरले होते. तिला हवं असतं तर तिनं तो फटका मारायला लावला असता, कप पणाला लागलेला असताना वीतभर अंतरसुद्धा मैलाचं होतं. तिनं बाहीनं नाक पुसलं, टोपी काढली, पुढं येऊन डार्सीला म्हणाली, ‘‘माफ.’’ मग एफीकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘‘उचल, एफी.’’

एफीनं आधी पंचांकडे पाहिलं. पंचांनी मान डोलावली. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. तिनं खिशातून एक पेनी काढली, वाकली, बॉलच्या मागं नीट ठेवली, बोटानं दाबली आणि मगच बॉल उचलला. बाहीला पुसला. मागं न बघता उडवला. डार्सीनं पाठीमागे हात नेऊन झेलला.

पंच हसायला लागले, मग सिग्ने रडता रडता हसली, आणि मग आमच्या गावानं टाळ्या वाजवल्या. कप आमच्या नाकासमोरून जात होता आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो, पण खरं सांगतो, पाच मिनिटांनी आम्हाला ते कळलं आणि आम्ही थांबलो. संध्याकाळी क्रीलमध्ये सुतक होतं. एफी आलीच नाही.

सोमवारी सकाळी ती नेहमीच्या वेळी दुकानात आली, जुन्या कोटात. रांग होती. कुणी तिच्याकडे बघेना. जो तो पावांचा अभ्यास करत होता. मी ब्रायडी बांधायला घेतली. शेवटी रॅबला राहवलं नाही. रात्रभर झोपला नसावा, डोळे लाल झाले होते.

‘‘आमचा कप घालवलास तू, एफी,’’ तो म्हणाला. ‘‘तूच घालवलास. त्या पोरीला चर्च दिसत नव्हतं. तू नसतीस तर कप आज इथं असता. जन्मात विसरणार नाही मी.’’

‘‘बरोबर बोलतोय तो,’’ मागून कुणीतरी म्हणालं. ‘‘हिनंच घालवला.’’

‘‘बुडवलंस गावाला,’’ आणखी कुणीतरी म्हणालं.

मी एफीकडे पाहिलं. तिचा तो वाकडा खांदा वर आला होता, जवळजवळ सरळ. ती अशी हसत होती की माझी सगळी भट्टी पेटवूनही दुकानात तेवढा उजेड पडला नसता.

‘‘परत म्हण, रॅब,’’ ती म्हणाली. ‘‘जरा मोठ्यानं म्हण. दारातल्यांना ऐकू गेलं नाही.’’

‘‘तू घालवलास!’’ रॅब ओरडला.

‘‘हो रे बाबा, मीच घालवला,’’ ती म्हणाली, आणि कट्ट्यावरच्या शेवटच्या निळ्या बनाकडे बोट दाखवलं. ‘‘वॉटी, तो दे आता. मी परत तुमची झाले.’’